उंबराखालची नावं

वच्छलाबाई दत्ताच्या देवळाचं अंगण झाडायच्या तेव्हा झाडू नावाला लागू द्यायच्या नाहीत. अंगणात काळ्या ग्रॅनाइटच्या फरश्या होत्या आणि प्रत्येक फरशीवर एका गेलेल्या माणसाचं नाव पांढऱ्या अक्षरांत कोरलेलं होतं. वच्छलाबाई कडेकडेनं झाडू फिरवायच्या, मग खाली बसून कमरेला खोचलेल्या फडक्यानं एकेक नाव पुसायच्या. कोणी म्हटलं की बाई, एवढं कशाला, सरळ झाडून काढा ना, तर त्या म्हणायच्या, "तुह्या बापाच्या तोंडावरून झाडू फिरवू का?"

त्यांना वाचता येत नव्हतं. पण कोणती फरशी कोणाची ते सगळं पाठ होतं. मी देवळात गेले की त्या ओळख करून दिल्यासारखं सांगायच्या. "हे मोतीलालजीचे वडील. ह्या देवकाबाईच्या सासूबाई. इथं जपून बाई, हे तुमचे मालक."

माझे यजमान प्रभाकरराव पाटबंधारे खात्यात होते. बोरगाव मेघेला आम्ही प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा देवळाच्या मागे अजून कापसाची शेतं होती. वच्छलाबाई त्याच शेतांत मजुरीला जायच्या. पुढे शेतांचे प्लॉट पडले, घरं आली, वच्छलाबाईंच्या हातांना काम उरलं नाही, आणि त्यांनी कोणी न सांगता देऊळ झाडायला घेतलं. मुलगा निकेश एका शोरूममध्ये कामाला होता. त्याला ते आवडत नसे, पण आईपुढे त्याचं काही चालत नसे.

देवळासमोर उंबर होता. किती जुना ते कोणालाच माहीत नव्हतं. त्याच्या खोडाला लागूनच विहीर. उंबराखाली पाणी असतंच, असं इथले लोक सांगतात, आणि त्या विहिरीचं पाणी मी तरी कधी तळाला गेलेलं पाहिलं नव्हतं. पण उंबर म्हटला की घाण आली. पिकलेली फळं टपटप पडायची, पायाखाली चिरडायची, माश्या घोंगावायच्या. पावसाळ्यात काळ्या मातीचा असा चिखल व्हायचा की भजनाला येणाऱ्या बाया चपला हातात धरून यायच्या, तरी पाय घोट्यापर्यंत रुतायचे.

मग कोरोनाची ती दोन वर्षं आली. आमच्या भजनी मंडळातल्या बहुतेक घरांतून कोणी ना कोणी गेलं. प्रभाकररावांना दवाखान्यात नेलं ते मी शेवटचं पाहिलं. नंतर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी दुरून दाखवलं आणि हेच ते, असं सांगितलं. खांदा नाही, पाणी नाही, दहावं कसंबसं. माझ्यासारख्या कितीतरी जणी होत्या. सगळं निवळल्यावर किराणावाले मोतीलालजी, जे मंडळाचे अध्यक्ष, त्यांनी सुचवलं की देवाच्या अंगणाला चांगली फरशी लावू आणि एकेका फरशीवर आपापल्या माणसाचं नाव कोरू. चिखलही जाईल आणि गेलेल्यांना देवाच्या पायाशी जागा मिळेल. ऐकताना पुष्कळांचे डोळे भरून आले. मीही हात वर केला.

उंबराच्या खोडापर्यंत फरशी गेली. फटी पांढऱ्या सिमेंटनं बुजवल्या. पादुकांच्या अभिषेकाचं पाणी पूर्वी झाडाच्या बुंध्याशी जायचं, त्याला पाइप लावून ते रस्त्याच्या नालीत सोडलं. अंगण आरशासारखं दिसायला लागलं.

अगदी खोडाला चिकटलेली एक फरशी शेवटी उरली. तिथे सगळ्यात जास्त उंबरं पडायची, म्हणून ती जागा कोणाला नको होती. मंडळानं ती वच्छलाबाईंना दिली. त्यांचे मालक जाऊन खूप वर्षं झाली होती, सगळ्यांना वाटलं त्या त्यांचंच नाव सांगतील. त्या म्हणाल्या, "काजल लिहा." कोणालाच कळेना. काजल ही त्यांची थोरली मुलगी, पाच-सहा वर्षांची असताना गेलेली. निकेशनंसुद्धा बहिणीला पाहिलं नव्हतं, तो नंतरचा. तिचा फोटो नव्हता, शाळेत नाव घातलेलं नव्हतं. जगात कुठे तिचं नाव लिहिलेलं असेल तर त्या एका फरशीवर.

बसवून झाल्यावर वच्छलाबाईंनी मला हाताला धरून तिथे नेलं. "वाचा बाई."

"कुमारी काजल," मी वाचलं.

"कुमारी म्हंजे?"

"लग्न न झालेली."

"हाव," त्या म्हणाल्या, आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवत बसल्या.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी फाल्गुनात उंबराला पालवी आली नाही. आधी वाटलं, उशीर असेल. चैत्र लागला तरी फांद्या तशाच. विहिरीवर झुकलेली एक फांदी तेवढी हिरवी होती, कारण विहिरीच्या काठाशी हातभर माती उघडी राहिली होती. विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं की बादली तळावर आपटल्याचा आवाज वर यायचा. भजनाला बसलं की वाळक्या काटक्या अंगावर पडायच्या.

त्याच सुमाराला फरशी वाजायला लागली.

आधी वच्छलाबाईंनीच ऐकलं. भर दुपारी, चिटपाखरू नसताना, खालून टक असा आवाज येतो म्हणाल्या. देवकाबाई आमच्या भजनात पुढे बसणाऱ्या, तोंडानं फटकळ. त्या म्हणाल्या, "उन्हात बसून बसून डोस्कं वाजून राह्यलं तुहं. घरी नीजत जा." पण पुढच्या आठवड्यात देवकाबाईंनीही ऐकलं. अभंग मध्येच थांबवून त्या खाली पाहत राहिल्या. त्यांच्या सासूबाईंची फरशी होती तिथे. त्या मुकाट्यानं टाळ उचलून दुसरीकडे जाऊन बसल्या.

मग कुजबूज सुरू झाली. संध्याकाळनंतर बाया येईनाशा झाल्या. लेकुरवाळ्या तर दुपारीही नाहीत. कोणी म्हणे, ज्यांचं रीतसर काही झालं नाही तेच ते. मी शिकले त्या मिशनच्या शाळेत सिस्टर सांगायच्या की भुतं नसतात, आत्मा असतो आणि तो देवाजवळ असतो. मी ते आयुष्यभर मानत आले. तरी प्रभाकररावांच्या फरशीजवळून जाताना माझं पाऊल हळू पडायला लागलं. खरं सांगायचं तर मी कान देऊन ऐकायची. तिथून कधीच काही आवाज आला नाही.

देवकाबाईंची नात प्रेरणा शेतीचं शिकते. सुटीत आली तेव्हा तिनं अंगणभर फिरून फरश्या बोटांनी वाजवून पाहिल्या. म्हणाली, "आजी, ही काळी माती आहे. पावसाचं पाणी आत जात नाही, म्हणून ती सुकून आक्रसली. फरशीखाली पोकळी झाली. दुपारी फरशी तापते, फुगते आणि वाजते. भूतबीत काही नाही."

"आन् झाड?" देवकाबाईंनी विचारलं.

"झाडाला पाणी नाही, हवा नाही. मुळांनाही श्वास लागतो. तुम्ही त्याचा गळा दाबला आहे. ही एक फांदी बघा, माती उघडी आहे तिकडचीच तेवढी जिवंत आहे. फरशी काढली तर अजून वाचेल. हा पावसाळा असाच गेला तर नाही."

गुरुवारी भजन झाल्यावर सगळे बसले. आमच्या मंडळात मतं मोजत नाहीत. एकालाही नको असेल ती गोष्ट करत नाहीत, आजवर तसंच चालत आलेलं आहे. त्यातून ही तर गेलेल्या माणसांची नावं.

"मोतीलालजी," देवकाबाई म्हणाल्या, "तुमीच म्हणत होते, देवाचं अंगण कसं चकाचक पाह्यजे. झालं चकाचक. झाडबी चकाचक झालं, एक पान नाई राह्यलं."

"देवकाबाई, मी काय झाडाचा डॉक्टर आहे का? सगळ्यायनं हात वर केलते. तुमचे तं दोन्ही हात वर होते."

"मायावाले हात टाळ वाजवाले वर होते!"

हशा झाला, तेवढंच मोकळं वाटलं. मिस्त्रीला बोलावलं होतं. तो म्हणाला, फरश्या अलगद निघतील, मग त्याच बाहेरच्या भिंतीला बसवून देतो. भिंतीवर नावं, खाली माती. सगळ्यांना ते पटलं. वच्छलाबाई मागे बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "फुटणार तं नाई ना?"

"नाही फुटत, मावशी."

पहिली फरशी अध्यक्षांचीच काढायची, असं ठरलं. मोतीलालजींनी वडिलांच्या फरशीला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, आणि मिस्त्रीनं फटीत छिन्नी धरून हातोडा घातला. तीन-चार घावांत फरशी मधोमध तडकली. 'किसन' एका तुकड्यावर राहिलं आणि 'लाल' दुसऱ्यावर.

मोतीलालजी तिथेच मांडी घालून बसले. खांद्यावरचा दुपट्टा पसरून त्यांनी तुकडे गोळा केले, अगदी बारीक कपच्यासुद्धा. मी जवळ गेले तर म्हणाले, "भाभीजी, बापूजीले मी दुसऱ्यांदा मारलं." चार दिवस त्यांनी दुकान उघडलं नाही. केळझरच्या गणपतीला जाऊन आले, तरी तोंड उतरलेलंच.

त्यानंतर विषयच संपला. आधी हो म्हणणाऱ्यांनी एकेक करून नाही म्हणून कळवलं. माझं नावही त्यांत होतं. झाड काय, दुसरं लावता येईल, असं लोक बोलायला लागले. प्रेरणा चिडली, रडली. वच्छलाबाईंना कोणी विचारलंच नाही. त्या नाहीच म्हणणार हे सगळे धरून चालले होते, आणि त्यांची फरशी खोडाशी होती. बाकीच्या सगळ्या काढल्या आणि ती राहिली तरी झाडाचा गळा मोकळा होणार नव्हता.

वैशाखात एके दुपारी निकेशची बायको आचल माझ्याकडे आली. तिला सातवा महिना होता. "काकू, तुमी तरी सांगा ना त्याहिले. रोज दुपारी देवळात जाऊन बसतात. ऊन लागंन. आमचं कोणाचंच आइकत नाईत."

डोक्यावर ओला पंचा घेऊन मी गेले. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. गरम वारा उंबराच्या वाळक्या फांद्यांतून जाताना कोणी फुंकर मारतंय असं वाटायचं. वच्छलाबाई खोडाशी पोतं अंथरून बसल्या होत्या आणि काजलच्या फरशीवर तळहात टेकला होता. फरशी तव्यासारखी तापली असणार. त्यांचा हात हलत नव्हता.

"वच्छलाबाई, घरी चला. आचल काळजी करते आहे."

"बसा बाई. जरा वेळ बोलू नका."

मी पोत्याच्या कडेवर बसले. बराच वेळ काही नाही. मग खालून आवाज आला. टक. थोडं थांबून पुन्हा, टक टक. हलका, जणू थकलेल्या हाताचा. मातीचं सगळं शास्त्र प्रेरणानं मला समजावून सांगितलं होतं आणि मला ते पटलंही होतं. तरी मी पाय पोत्यावर ओढून घेतले. त्या दिवशीच्या रोजनिशीत मी एवढंच लिहू शकले की फरशी वाजली.

वच्छलाबाई फरशीकडे पाहत बोलायला लागल्या. आवाजात रडणं नव्हतं.

"ताप होता तिले. कापूस फुटलता, वेचणीचे दिवस. एक दिवस नाई गेली तं वावराचा मालक कामाले दुसरी बाई लावे. हे तवा गावाले गेलते. घरी कोणी नाई. म्या तिले गोधडी पांघरली आन् म्हटलं, निजून राह्य, मी आलीच. पण थे ताप चढला का उठून चाले. घर तवा इथंच देवळापाशी, इकडं ही विहीर. म्हटलं पोट्टी पडंन विहिरीत. म्हून बाहेरून कडी लावली."

मी पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"सांजीले आली. कडी काढली तं दार उघडे ना. जोर लावला. आंदर दारालेच टेकून होती. गोधडी दारालोक ओढत आनलती." मग हळूच, "दार ठोकलं आसंन तिनं. समदी वस्ती वावरात. कोन आइकंन? किती ठोकलं आसंन थे मले मालूम नाई, बाई. म्या आइकलं नाई ना. आता आइकून राह्यली."

खालून पुन्हा आवाज आला. त्यांनी तळहात फरशीवर थोपटला, झोपणाऱ्या मुलाला थोपटतात तसा.

"निकेशला सांगितलं?"

"कोणालेच नाई सांगितलं. ह्यायलेबी नाई. म्हटलं, बिछान्यातच गेली."

माती आक्रसते, दगड फुगतो, हे त्यांना सांगायला माझी जीभ वळली नाही. आणि ते नसेलच, दुसरं काही असेल, असंही म्हणायला वळली नाही.

"आता तुमीच सांगा बाई," त्या माझ्याकडे वळल्या. "फरशी काढली तं फुटते. मोतीलालजीच्या बापाची फुटली, मंग माई काऊन नाई फुटणार? नाव जाईन. तिचं दुसरं काईच नाई मायापाशी. नाई काढली तं थे आंदरच राह्यते. म्या कोणाची माय होऊ? नावाची का पोट्टीची?"

ऊन कलल्यावर मी पोतं झटकून घेतलं आणि दोघी घरी आलो.

पुढच्या गुरुवारी भजन सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. देवकाबाई अभंग म्हणत होत्या आणि फाटकातून वच्छलाबाई आल्या. हातात घरची सब्बल होती, माणसाच्या छातीपर्यंत येणारी लोखंडी पहार, शेतातला दगड उचकायची. मागून निकेश ओरडत आला, "आई, सोड थे! लोकं हासून राह्यले तुले!" कोणी हसत नव्हतं. टाळ थांबले.

त्या सरळ माझ्याजवळ आल्या. "बाई, एकडाव वाचा."

मी खोडापाशी गेले आणि मोठ्यानं वाचलं, "कुमारी काजल."

"आजून एकडाव."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी पदर खोचला, सब्बलीचं टोक फटीतल्या सिमेंटात रोवलं आणि सगळा भार टाकला. सिमेंट निघालं. दुसऱ्यांदा टाकला. तिसऱ्यांदा फरशी तडकली, तिरकी, आणि तिचे चार-पाच तुकडे झाले. 'ज' कुठे गेला ते नंतर कोणाला सापडलं नाही.

निकेश पुढे झाला, पण आईकडे पाहून जागीच थांबला. वच्छलाबाई खाली बसल्या आणि तुकडे एकेक करून उचलायला लागल्या. तेवढ्यात आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

फरशीखाली वीतभर पोकळी होती. आणि उंबराची मुळं खालून वर आली होती. बारीक, पांढुरकी, फरशीच्या पोटाला चिकटून चपटी झालेली. उचललेल्या एका तुकड्यालाही ती धरून होती. लहान मुलानं दाराला बोटं टेकावीत तशी ती दिसत होती.

देवकाबाईंनी तोंडावर पदर घेतला.

प्रेरणा मागून हळू आवाजात म्हणाली, "फरशीखाली दव धरतं. तेवढीच ओल होती, म्हणून मुळं तिकडे आली." ती खरं तेच सांगत होती. वच्छलाबाईंनी तिच्याकडे पाहून मान हलवली. मग तुकड्याला चिकटलेली मुळं, एकही तुटू न देता, बोटाबोटानं सोडवली आणि पोकळीत परत खाली ठेवली. ओंजळीनं माती ओढून त्यांच्यावर लोटली. पाणी कोणी आणलं ते आठवत नाही. मातीनं ते असं घेतलं की थेंबभरही वर राहिलं नाही.

"बेटा निकेश," त्या म्हणाल्या, "सब्बल देवकाबाईले दे."

देवकाबाई आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता उठल्या. त्यांनी सासूबाईंच्या फरशीपुढे हात जोडले. "आत्याबाई, जित्या होत्या तवा मले बसू देल्लं नाई तुमी. आता मी तुमाले उठवते. माफ करजो." कोणीतरी रडता रडता हसलं. मग एकेक जण पुढे आला. मोतीलालजींनी स्वतः सब्बल धरून इतरांच्या फरश्या काढून दिल्या, प्रत्येक वेळी नाव विचारून, नमस्कार करून. काही फरश्या अखंड निघाल्या. बहुतेक फुटल्या. भजन राहून गेलं, आणि प्रत्येक फरशी उचलताना त्या माणसाचं नाव कोणीतरी मोठ्यानं घेत होतं. असं नामस्मरण त्या देवळात पूर्वी झालं नव्हतं आणि पुन्हा व्हावं असंही मला वाटत नाही.

माझी पाळी आली. 'प्रभाकर' अखंड राहिलं, आडनाव तुटलं. खाली काही नव्हतं. मुळं नव्हती, पोकळीही फारशी नव्हती. कोरडी माती फक्त.

तुकड्यांचं काय करायचं ते दुसऱ्या दिवशी ठरलं. कोणीतरी म्हणालं, धाम नदीत सोडू. देवकाबाई म्हणाल्या, "काऊन? नदीनं काय पाप केलं? आपलं ओझं तिच्या उरावर कायले?" शेवटी विहिरीजवळ खड्डा खणला, त्याच्या तळाशी सगळ्या नावांचे तुकडे रचले, वर गिट्टी आणि रेती. देवळाच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी आता त्यातून गाळलं जाऊन विहिरीत उतरतं. काही जणांनी तुकडे घरी नेले. मी आणलेला तुकडा कुठे ठेवावा ते मला अजून कळलेलं नाही. जमिनीवर ठेववत नाही आणि भिंतीवर लावण्यासारखा तो राहिलेला नाही. सध्या खिडकीत आहे.

त्या पावसाळ्यात पुन्हा चिखल झाला. बाया चपला हातात घेऊन आल्या आणि कोणी कुरकुर केली नाही. खरं म्हणजे केली, पण हळू आवाजात. अभिषेकाचं पाणी परत बुंध्याशी वळवलं. पडलेली पानं आणि उंबरं आता कोणी जाळत नाही, खोडाभोवती पसरून ठेवतात. ज्या घरी श्राद्ध असतं त्या घरची माणसं येऊन झाडाखालची माती खुरप्यानं भुसभुशीत करतात आणि एक कळशी पाणी घालतात. दगड कोणाचाच बसवत नाहीत. महाप्रसादाला कागदी पत्रावळी बंद करून पळसाच्या आणायचं ठरलं, ते मात्र कधी होतं, कधी राहून जातं.

उंबर पूर्ण वाचला नाही. रस्त्याकडचा अर्धा भाग कापावा लागला. विहिरीकडच्या बाजूला पालवी आहे, आणि खोडाशी, जिथे काजलची फरशी होती तिथून, नवे फुटवे आले आहेत. ते किती तग धरतील ते प्रेरणालाही सांगता येत नाही.

आवाज अर्थातच बंद झाला. माती उघडी झाल्यावर वाजायला काही उरलं नाही. बाया पूर्वीसारख्या संध्याकाळी यायला लागल्या. आचलला मुलगी झाली. तिचं नाव काजल ठेवू का, असं निकेशनं आईला विचारलं, तर त्या एकदम म्हणाल्या, "नको. नाव नको देऊ थे कोणाले." त्याला कारण कळलं नाही. मीही सांगितलं नाही.

परवा गुरुवारी वच्छलाबाई माझ्याशेजारी टेकल्या. मी विचारलं, "दुपारी येत नाही आता?"

"कोणासाठी येऊ? थे गेली ना, बाई."

"बरं झालं ना मग."

"हाव. बरंच झालं." त्या खोडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पहिले पहिले आली मी दुपारची. दोन-चार डाव. कान लावून बसली. काईच नाई. तवा वाटलं, ठोकत होती तवा निदान होती तरी."

तेवढ्यात नवीन राहायला आलेली एक सून हातात झाडू घेऊन उंबराखालची फळं गोळा करायला लागली. वच्छलाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"राहू दे व माय थे," त्या तिला म्हणाल्या. "पडू दे तिथंच. तू इकडून झाड."